तिसऱ्या लॉटची पट्टी

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाउसच्या काट्यावर आम्ही सांभाळतो तो प्रोग्राम चालतो. बागेतून क्रेट येतात, काट्यावर चढतात, तपासणीत तडकलेले आणि १६ मिलिमीटरपेक्षा बारीक मणी बाजूला निघतात. राहिलेल्या वजनाची पट्टी छापून बागायतदाराच्या हातात जाते. त्या पट्टीवरच त्याचे पैसे ठरतात. प्रोग्राम सी भाषेतला, काट्याशेजारच्या उबुंटू लिनक्सच्या छोट्या संगणकावर चालणारा. आमचं ऑफिस सातपूरला आणि पॅकहाउस म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रस्त्याला. त्यामुळे रोज जाणं होत नाही, फोनवरच काम चालतं.

ऐन हंगामात, फेब्रुवारीत, फोन आला. एक बागायतदार, सगळे त्यांना नाना म्हणतात, पट्टी घेऊन काट्यासमोर उभे होते. पट्टीत ३८.५०० किलो माल नाकारला म्हणून वजा केला होता. नानांचं म्हणणं एवढंच होतं की त्यांच्या मालातून एक मणीही बाजूला काढलेला नाही, तपासणी त्यांच्या डोळ्यांसमोर झाली. तपासणीवाल्या मुलानेही तेच सांगितलं. भाव ८० रुपये किलो. म्हणजे ३,०८० रुपये गेले, आणि का गेले ते कोणालाच सांगता येईना.

आमचे पहिले दोन दिवस काट्यात गेले. असा घोळ झाला की पहिला संशय लोडसेलवरच, म्हणजे काट्यातल्या वजन मोजणाऱ्या भागावरच, जातो. सकाळचं दव, धूळ, सैल झालेली सीरियल केबल, यांतलं काहीही असू शकतं. २० किलोची प्रमाणित वजनं ठेवून पाहिली, केबल बदलली. काटा ग्रॅमभरही चुकत नव्हता. खरं तर पट्टी नीट वाचली असती तर हे दोन दिवस वाचले असते. एकूण वजन बरोबर होतं, रिकाम्या क्रेटचं वजन बरोबर होतं. चूक होती फक्त नाकारलेल्या वजनाच्या रकान्यात, आणि तो आकडा काट्यावरून येतच नाही. तपासणीवाला तो हाताने भरतो, तेही माल नाकारला असेल तरच.

तिसऱ्या दिवशी मी तिथे गेलो आणि काट्यावर बसणाऱ्या ताईंना विचारलं, असं आधी कधी झालंय का? त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलंय. "दादा, सकाळची पहिली पट्टी कधी चुकत नाही. ऊन वर आलं की काहीबाही येतं. मग मी जेवायच्या आधी प्रोग्राम बंद करून चालू करते, की परत नीट."

हे ऐकल्यावर काट्याचा विषय माझ्यापुरता संपला. बंद करून चालू केल्यावर जो दोष जातो आणि दिवस चढेल तसा परत येतो, तो दोष बहुधा प्रोग्रामच्या मेमरीत असतो. ताईंनी हे फोनवर कधी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं. काट्यावरचा माणूस दिवसभर त्या पडद्याकडे बघत असतो. त्याच्याशी बोलण्याआधी कोड उघडू नये, असं मला आता ठामपणे वाटतं.

प्रत्येक लॉटची, म्हणजे एका वेळी हाताळलेल्या बऱ्याच बागायतदारांच्या नोंदींची, कच्ची फाइल आम्ही जपून ठेवतो. नानांच्या लॉटची फाइल घेऊन सातपूरला आलो, प्रोग्रामला दिली. पट्टी बरोबर आली, नाकारलेलं वजन शून्य. पुन्हा चालवला, पुन्हा शून्य. आमच्यातला नवा मुलगा म्हणाला, सर, मग प्रोग्राम बरोबरच आहे. इथे पुष्कळ जण थांबतात.

मी त्या दिवशीच्या सगळ्या पट्ट्या मागवल्या होत्या. त्या टेबलावर लॉटप्रमाणे मांडल्या. नानांचा लॉट त्या दिवशीचा तिसरा होता आणि त्यात त्यांची नोंद १७ व्या ओळीवर होती. दुसऱ्या लॉटची १७ वी ओळ पाहिली. दुसऱ्याच गावचे बागायतदार, नाकारलेलं वजन ३८.५०० किलो. त्यांचा माल खरंच नाकारला होता, तपासणीच्या वहीत तशी नोंद होती. एकाची वजावट आधी त्याच्या पट्टीत आणि मग तासाभराने नानांच्या पट्टीत लागली होती.

मग तीन लॉटच्या फाइली, प्रोग्राम बंद न करता, एकापाठोपाठ एक दिल्या. पहिला बरोबर, दुसरा बरोबर, तिसरा चुकला. क्रम उलटा केला, तरी तिसराच चुकला. म्हणजे माल कोणाचा, फाइल कोणती, याचा संबंध नव्हता. संबंध फक्त 'तिसरा' असण्याशी होता.

एका लॉटसाठी प्रोग्राम २,००० ओळींचा तक्ता मॅलॉकने, म्हणजे लागेल तेवढी मेमरी मागणाऱ्या सीच्या फंक्शनने, मागून घेतो. एक ओळ ९६ बाइटची, म्हणजे तक्ता १,९२,००० बाइटचा. ओळ भरताना बागायतदाराचा क्रमांक, क्रेटची संख्या, एकूण वजन, क्रेटचं वजन हे सगळं लिहिलं जातं. नाकारलेल्या वजनाचा रकाना मात्र तपासणीवाल्याने आकडा दिला तरच लिहिला जातो. नाही दिला तर तिथे हात लावलाच जात नाही. लिहिणाऱ्याने धरलं होतं की तिथे आपोआप शून्य असेल.

हे धरण्याला कारण होतं. जुन्या नोंदी पाहिल्या तर मुळात हा तक्ता फंक्शनच्या बाहेर जाहीर केलेला, ठरावीक आकाराचा ॲरे होता. अशा चलांना सुरुवातीला शून्य मिळेल ही हमी सी भाषा स्वतः देते. तेव्हा प्रोग्राम एका लॉटला एकदाच चालायचा आणि बंद व्हायचा, त्यामुळे ती हमी पुरेशी होती. पुढे कोणीतरी आकार बदलता यावा म्हणून ॲरेच्या जागी मॅलॉक आणलं. मॅलॉक अशी कोणतीही हमी देत नाही. मिळालेल्या जागेतलं मूल्य अनिश्चित असतं, असंच सीचं मानक सांगतं. हमी त्याच दिवशी गेली, पण कोणाला कळलं नाही, कारण आकडे बरोबर येत राहिले. या हंगामात पॅकहाउसने सांगितलं की दर लॉटला प्रोग्राम पुन्हा चालू करायला वेळ जातो, तो दिवसभर चालूच राहू द्या. आम्ही तो बदल केला. त्या बदलात एकही ओळ चुकीची नव्हती, आणि तरीही वर्षानुवर्षं झाकून राहिलेला दोष त्याच बदलाने बाहेर आला.

पण मग दुसऱ्याच लॉटला का नाही, तिसऱ्याला का? हा प्रश्न सोडून देता आला असता, दोष तर सापडला होता. मला सोडवेना. जे लक्षण आपल्याला समजावून सांगता येत नाही, त्याच्या आड अजून काही लपलेलं असू शकतं. म्हणून स्ट्रेस (strace) हे साधन लावलं. प्रोग्राम कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, केव्हा काय मागतो ते ते ओळीओळीने दाखवतं.

पहिल्या लॉटला एमॅप दिसलं, म्हणजे कर्नलकडे थेट वेगळ्या जागेची मागणी, १,९२,५१२ बाइट. १,९२,००० वर थोडी हिशोबाची जागा धरून ४,०९६ बाइटच्या पानांत (कर्नल मेमरी अशाच तुकड्यांत देतो) पूर्ण केलं की हाच आकडा येतो. लॉट संपला तेव्हा एमअनमॅप दिसलं, म्हणजे जागा कर्नलला परत. दुसऱ्या लॉटला एमॅप नाही, त्याऐवजी बीआरके, म्हणजे प्रोग्रामचा आधीचाच मेमरीचा साठा (हीप) वाढवून मागणं. तिसऱ्या लॉटला काहीच नाही.

लिनक्सवरच्या जीलिबसी या लायब्ररीतलं मॅलॉक १२८ किलोबाइटपेक्षा मोठी मागणी सुरुवातीला थेट कर्नलकडे एमॅपने पाठवतं. कर्नल ताजी पानं देतो आणि ती शून्याने पुसून देतो, कारण एका प्रोग्रामचा मजकूर दुसऱ्याच्या हाती लागू नये. पहिल्या लॉटला शून्य मिळालं ते या खबरदारीमुळे. सीचा त्यात काही वाटा नव्हता. पण अशी मोठी जागा मोकळी केली की जीलिबसी शिकते. हा प्रोग्राम एवढ्या मोठ्या जागा मागतो आणि सोडतो, मग दर वेळी कर्नलकडे कशाला जायचं, असं ठरवून ती १२८ किलोबाइटची मर्यादा त्या सोडलेल्या तुकड्याच्या आकारापर्यंत वर नेते. म्हणून दुसरा तक्ता एमॅपऐवजी नेहमीच्या हीपमधून आला. हीप वाढवायला बीआरके लागलं, आणि वाढलेली पानंही कर्नलकडून ताजी, म्हणून पुन्हा शून्य. दुसरा लॉट संपला तेव्हा ती जागा कर्नलला परत गेली नाही. परत करण्याची मर्यादाही त्याच वेळी त्या तुकड्याच्या दुप्पट आकारापर्यंत वर सरकलेली असते. तिसऱ्या लॉटला मॅलॉकने घरातलीच जागा पुढे केली, दुसऱ्या लॉटचे आकडे तसेच असलेली. तीच जागा, तोच तक्ता, तीच ओळ, तोच रकाना.

या दोषाला शोधणं अवघड का गेलं त्याचं उत्तर इथे आहे. न भरलेल्या मेमरीत कचरा असतो असं आपण सगळेच म्हणतो, आणि कचरा म्हटलं की डोळ्यासमोर भलताच मोठा किंवा उणे आकडा येतो. इथला आकडा ३८.५०० किलो, कोणालाही पटेल असा. तो कधीकाळी खरा होताच.

आणखी एक गोष्ट कळली तेव्हा पोटात खड्डा पडला. शिळा आकडा फक्त वजावटीच्या रकान्यात राहत होता. म्हणजे पट्टी चुकली की बागायतदाराच्या विरुद्धच चुकत होती, एकदाही त्याच्या बाजूने नाही. चौथ्या लॉटला दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही लॉटची वजावट साचलेली असायची, पाचव्याला तिन्हींची. ज्याची गाडी उशिरा आली त्याचं नुकसान जास्त. लांबच्या गावची गाडी साहजिकच उशिरा येते.

आता हे सगळं आमच्या तर्काने जुळत होतं, पण पुरावा हवा होता. जीलिबसीत यासाठी एक सोपी सोय आहे. मॅलॉक-पर्टर्ब या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला (प्रोग्राम चालू करताना बाहेरून देता येणाऱ्या सेटिंगला) एक आकडा दिला की मॅलॉक दिलेली प्रत्येक जागा त्या आकड्याच्या उलट्या बाइटने भरून देतं. आम्ही १६५ दिला. त्याचा उलटा बाइट ९०. चार बाइटच्या पूर्णांकात चारही बाइट ९० असले तर आकडा होतो १,५१,५८,७०,८१०. वजन आम्ही ग्रॅममध्ये ठेवतो. नानांची फाइल एकटीच, पहिलाच लॉट म्हणून दिली. पट्टी आली. नाकारलेलं वजन १५,१५,८७०.८१० किलो, आणि उरलेलं वजन उणे. काही न बदलता, कोडपासून प्रोग्राम पुन्हा तयार (कंपाइल) सुद्धा न करता, पहिल्याच लॉटला दोष उघडा पडला. नव्या मुलाने त्या पट्टीची प्रत त्याच्या टेबलासमोर चिकटवून ठेवली आहे.

मग व्हॅलग्रिंड. मेमरीतल्या चुका पकडणारं, २००२ पासून उपलब्ध असलेलं हे साधन, त्यातला मेमचेक हा भाग. मेमरीतल्या प्रत्येक बिटामागे तो एक सावलीचा बिट ठेवतो, की हा बिट कोणी लिहिलाय का. न लिहिलेलं मूल्य तुम्ही एका जागेवरून दुसरीकडे नेलं, त्यात बेरीज-वजाबाकी केली, तरी तो गप्प बसतो, फक्त सावली पुढे सरकवतो. त्या मूल्यावरून वाट निवडायची वेळ आली, किंवा ते पत्ता म्हणून वापरलं गेलं, की मग बोलतो. हे ठाऊक नसलं तर त्याचा अहवाल वाचताना माणूस भरकटतो. आमच्या अहवालात पहिली तक्रार प्रिंटएफ या छापण्याच्या फंक्शनच्या पोटात होती, आकड्याचे अंक करणाऱ्या आतल्या फंक्शनमध्ये. नवा मुलगा तासभर पट्टी छापण्याचा कोड वाचत बसला. तिथे काही चुकलेलं नव्हतं. ट्रॅक-ओरिजिन्स हा, मूल्य मुळात कुठून आलं ते सांगणारा, पर्याय चालू करून पुन्हा चालवलं तेव्हा खाली आणखी एक परिच्छेद आला, की हे न भरलेलं मूल्य अमुक फाइलच्या अमुक ओळीवरच्या मॅलॉकमधून आलं. वेळ बराच जास्त लागतो, मेमरीही, पण सुरुवातीलाच हा पर्याय चालू करावा असं माझं मत आहे. तक्रारीची जागा आणि दोषाची जागा यांच्यामध्ये आमच्याकडे तीन फाइलींचं अंतर होतं.

बाकीच्या साधनांनी हे का पकडलं नाही, असं पॅकहाउसच्या मालकांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. जीसीसी या आमच्या कंपाइलरच्या सगळ्या वॉर्निंग आम्ही चालू ठेवतो. पण हीपमधल्या स्ट्रक्चरचा (आमच्याकडे तक्त्याच्या ओळीचा) एक रकाना एका फाइलीत भरायचा राहिला आणि दुसऱ्या फाइलीत वाचला, हे कंपाइलरला दिसत नाही. तो बहुतेक एका फंक्शनच्या आतलंच पाहतो. ॲड्रेस सॅनिटायझर आमच्या चाचण्यांत होता, पण तो हद्दीबाहेरचं आणि मोकळ्या केलेल्या मेमरीतलं वाचन पकडतो, न भरलेल्या जागेचं वाचन पकडणं त्याचं कामच नाही. त्यासाठी मेमरी सॅनिटायझर आहे, तो क्लँग या दुसऱ्या कंपाइलरमध्ये मिळतो आणि व्हॅलग्रिंडपेक्षा बराच वेगवान आहे. पण सगळ्या लायब्रऱ्याही त्याच पद्धतीने कंपाइल केलेल्या लागतात, नाहीतर तो खोट्या तक्रारी करतो. आमच्याकडे ती तयारी नव्हती. आणि आमची प्रत्येक चाचणी एक फाइल देऊन संपायची. तिसरा लॉट चाचणीत कधी आलाच नव्हता.

व्हॅलग्रिंडने दुसरीही एक जागा दाखवली. काट्याकडून येणारा मजकूर वाचताना, ओळ अर्धीच आली तर शेवटी, मजकूर संपल्याची खूण असलेला, शून्य बाइट ठेवला जात नव्हता, आणि आकडा काढणारं फंक्शन स्टॅकवरच्या (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतल्या) आधीच्या मजकुरात घुसत होतं. त्या चुकीने अजून कोणाचं वजन बिघडवलं नव्हतं. एका ओळीत दुरुस्त झाली.

मुख्य दुरुस्तीवर मात्र आमच्यात वाद झाला. नवा मुलगा म्हणाला, मॅलॉकच्या जागी कॅलॉक टाकू, सगळं शून्य होईल, व्हॅलग्रिंडही गप्प होईल. ते खरं आहे, आणि त्या संध्याकाळी तातडीचा उपाय म्हणून आम्ही तेच पाठवलं. पण तेवढ्यावर थांबायला मी तयार नव्हतो. साधन गप्प करणं आणि दोष काढणं यांतलं अंतर दाखवायला मी त्याला डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीची गोष्ट सांगितली. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या, मजकूर गुप्त ठेवण्यासाठीच्या, पॅकेजमध्ये व्हॅलग्रिंडच्या अशाच तक्रारी बंद करण्यासाठी दोन ठिकाणची एकसारखी ओळ काढली गेली. त्यातली एक काढणं चाललं असतं. दुसरीने मात्र यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा साठा आत येणं थांबवलं, आणि गुप्त संकेतांच्या किल्ल्या बनवताना फक्त प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) क्रमांक उरला, म्हणजे ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये ते उघडकीला आलं, तोवर दीड वर्षाहून जास्त काळ जगभर कच्च्या किल्ल्या बनत होत्या. तक्रारीची ओळ दिसेनाशी करताना, त्या जागेत नेमकं काय असायला हवं हा प्रश्न कोणी पुरता विचारला नव्हता.

आमच्याकडे तोच प्रश्न असा होता. नाकारलेलं वजन शून्य, याचे दोन अर्थ होतात. तपासणी झाली आणि काहीच नाकारलं नाही, हा एक. तपासणी अजून झालीच नाही, हा दुसरा. कॅलॉक या दोन्हींना एकच चेहरा देतं. बागायतदाराच्या पट्टीत पहिल्या अर्थाचं शून्य चालेल, दुसऱ्या अर्थाचं चालणार नाही, मग ते त्याच्या फायद्याचं असलं तरी. पॅकहाउसलाही तो हिशोब खरा हवा.

म्हणून ओळ नव्याने सुरू करणारं एक वेगळं फंक्शन लिहिलं. ते प्रत्येक रकाना स्वतः भरतं, एकही सोडत नाही, आणि नाकारलेल्या वजनात उणे एक ठेवतं. उणे एक म्हणजे तपासणी बाकी. तपासणीवाल्याला आता काहीच नाकारलं नसेल तरी शून्य टाइप करावं लागतं. तो रकाना उणे एक असेपर्यंत पट्टी छापली जात नाही, पडद्यावर 'तपासणी बाकी' असं लाल अक्षरांत येतं. तपासणीवाल्या मुलाला सुरुवातीला हे जड गेलं, दर नोंदीला एक जादा बटण. त्याला आम्ही नानांची पट्टी दाखवली, मग तो काही बोलला नाही. चाचणीतही बदल केला. आता रोज रात्री सातपूरला पाच लॉट एकापाठोपाठ एकाच प्रोग्राममध्ये चालतात, एकदा व्हॅलग्रिंडखाली आणि एकदा मॅलॉक-पर्टर्ब लावून.

राहिल्या आधीच्या पट्ट्या. हंगामाच्या पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या कच्च्या फाइली नव्या प्रोग्राममधून काढल्या आणि छापून गेलेल्या पट्ट्यांशी ताडून पाहिल्या. तपासणीची वही शेजारी घेऊन दोन माणसं तीन दिवस बसली, कारण कुठे खरी वजावट होती आणि कुठे शिळी, याची खात्री कागदावरूनच करायची होती. जिथे जिथे फरक निघाला तिथे पॅकहाउसने बागायतदारांना बोलावून रक्कम दिली. नानांना दुरुस्त पट्टी द्यायला मी स्वतः गेलो. त्यांनी चष्मा लावून तिन्ही रकाने बोटाने मोजले आणि विचारलं, "आणि त्या १७ नंबरवाल्याचं? त्याचं बरोबर होतं ना?" त्यांचं बरोबर होतं. ते मी त्यांना वहीत दाखवलं.

नवा प्रोग्राम लागल्यावर आठवड्याच्या आत ताईंचा फोन आला. पट्टी निघत नाही, तपासणी बाकी दाखवतंय, आणि गाडीवाला घाईत आहे. मी विचारलं, तपासणी झालीय का? त्या दोन मिनिटं फोन तसाच ठेवून आत गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "नाही झाली दादा. मुलगा चहाला गेला होता, क्रेट तसेच पुढे सरकले. आता बोलावलंय त्याला."